मी म्हटलं होतं, आतून तेच आहे

सर, आज दुकानात परत एकाने तोच प्रश्न विचारला. शाळेतले शिक्षक आहेत, लॅपटॉप काखेत धरून आले आणि म्हणाले, ताई, हे नवीन व्हर्जन घेऊ का, यात खरंच काही मोठं आहे की नुसतंच नाव वाढवलंय? जठारपेठेत माझं दुकान आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नपत्रिका, अर्ज, शपथपत्रं, पोरांचे प्रोजेक्ट, जे येईल ते टाइप करून देते. पण कॉम्प्युटरचं नवीन काही आलं की लोक काम नसतानाही येतात, कारण मी सांगते. आणि ठासून सांगते. मागच्या वर्षी याच माणसाला मी खुर्चीवर रेलून सांगितलं होतं, घ्या बिनधास्त, आतून तेच आहे, वरून रंगरंगोटी केलीय. आज त्याला म्हटलं, मला माहीत नाही. त्याला वाटलं मी मस्करी करते आहे. मग तो दुसऱ्या दुकानात गेला.

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं मला कितीदा तरी वाटलं, पण लिहायला कधी बसले नाही, कारण तुम्ही असताना तरी मी कुठे काही सांगत होते? तुम्ही बोलायचे आणि मी टाइप करायची. आता मात्र असं काही होऊन बसलंय की ते सांगायला जिवंत माणूस सापडत नाही. ज्यांना सांगायला पाहिजे त्या दोघींनाच ते सांगता येत नाही. म्हणून तुम्ही.

आधी ती सहा मशीनची गोष्ट आठवते. अमरावतीला तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये टाइपरायटर भिंतीला लावून ठेवले होते आणि मधल्या टेबलांवर सहा कॉम्प्युटर आले होते. मी कॉलेजला होते, सकाळची बॅच शिकवायला मला दिली होती तुम्ही, आणि मी हवेत होते. तुम्ही परतवाड्याला लग्नाला गेले होते. कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्याच्या नवीन व्हर्जनची सीडी कोणीतरी आणून दिली, निळंहिरवं काय चमकत होतं ते, आणि मी शहाणीने एका दुपारी सहाच्या सहा मशीनवर ते चढवलं. वाटलं, सर आले की खूश होतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही मराठी फाइल उघडता तर अर्धी अक्षरं गायब, वेलांट्या हवेत, मात्रा भलत्याच डोक्यावर. एका पत्रिकेचं काम संध्याकाळी द्यायचं होतं, त्यात नवरदेवाच्या बापाच्या नावाचा पार चुराडा झाला होता. तुम्ही ओरडले नाही. मला बाजूच्या स्टुलावर बसवलं आणि एकेक मशीन परत जुन्यावर आणत गेले. दिवसभर. मी जेवायलाही उठले नाही, उठायची हिंमतच नव्हती. शेवटचं मशीन झालं तेव्हा चष्मा पुसत तुम्ही म्हणाले, "पोरी, नवीन का आलं थे सारे पाह्यतात. आपलं का गेलं थे कोनी पाह्यत नाई. थे पाह्याचं काम आपलं." मी रडले. तुम्ही चहा सांगितला आणि पत्रिकेचं काम स्वतः करायला बसले.

पुढे लग्न होऊन मी अकोल्याला आले, दुकान टाकलं, तेव्हा तुम्ही रुमालात बांधून ते डोंगल आणलं होतं. अंगठ्याएवढं. आपलं मराठीचं जुनं सॉफ्टवेअर ते लावल्याशिवाय उघडत नाही. तुम्ही इन्स्टिट्यूट बंद केली होती आणि म्हणाले, आता मी कोणासाठी उघडू? त्याच दिवशी माझ्या मशीनमध्ये तुम्ही तुमची रोजची पानंही टाकली. बॅच सुरू व्हायच्या आधी बोटं मोकळी करायला तुम्ही रोज चारपाच ओळी टाइप करायचे हे मला माहीत होतं, पण त्यात काय असतं ते मी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही म्हणाले, काही नाही, इकडचं तिकडचं. ठेवजो. मी ठेवलं. तुम्ही गेल्यावरही ते उघडलं नाही, कारण ती दुसऱ्याची वस्तू होती. दुकान वाढलं, मशीन बदलली, प्रत्येक वेळी सगळ्यात आधी तुमची पानं नव्या मशीनवर घेतली. एवढं तरी मी केलं.

तुमच्यामागे घरात काकू एकट्याच राहिल्या, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. उजेड आणि अंधार तेवढा कळतो आता. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, यायचे ते पानं तुह्यापाशी हायेत न, मले वाचून दाखोशील? तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी शनिवारी मी बडनेऱ्याला उतरायची, ऑटो करायची आणि अमरावतीत तुमच्या घरी जायची. काकूंनी नियम घातला, पोथीचा नियम. एका बैठकीला दोन पानं. मध्येच काही सोडायचं नाही, पुढचं आधी बघायचं नाही. आणि तो नियम मलाही. तू बी पुढचं वाचाचं नाई, म्हणाल्या, पोथी वाचनाऱ्यानं पुढं पाह्यलं त आयकनाऱ्याले का मजा? म्हणून मी शुक्रवारी तेवढीच दोन पानं छापायची, डोळे अर्धे मिटून, आणि पिशवीत टाकायची. सगळी एकदम छापून ठेवली असती तर? हा विचार मी किती वेळा केला ते मोजत नाही. एका बटणाचं काम होतं. पण पोथीचा नियम मोडावासा वाटला नाही, आणि खरं सांगते, ते शनिवार संपूच नयेत असंही वाटत होतं.

तुमची पानं छान होती, सर. छान म्हणजे साधी. वीज कधी गेली, कोणत्या मुलीचा स्पीड वाढला, वांग्याची भाजी तिखट झाली. काकू मध्येच हसायच्या आणि म्हणायच्या, तिखट मनते, अन् दोनदा घेतली होती. असं करत करत आम्ही त्या वर्षापर्यंत आलो. एका शनिवारी पानं संपल्यावर काकूंनी मला बसवून घेतलं आणि ती गोष्ट सांगितली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांची धाकटी बहीण वारली, सात वर्षांची पोरगी मागे ठेवून. तुम्हा दोघांना मूल नाही. काकू म्हणाल्या, आपल्या घरी आणू. तुम्ही म्हणाले, नाही. एकच शब्द. का, ते सांगितलं नाही. काकू उठल्या आणि तेल्हाऱ्याला भावाकडे गेल्या, कापूस वेचणीच्या दिवसांत, आणि दीड महिना राहिल्या. मग एक दिवस तुम्ही एसटीने गेले, जेवले, हात धुतले आणि म्हणाले, चाल. काकू आल्या. पोरगी मामाकडेच वाढली. त्यावर तुम्ही दोघं जन्मात पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. "थ्या दीड महिन्यात यायनं का लिवलं, एवढं आयकलं की झालं माह्यं," काकू म्हणाल्या. ते पान पुढच्या बैठकीला येणार होतं. मी हो म्हटलं आणि गाडी पकडली.

त्याच आठवड्यात मी ते नवीन व्हर्जन घेतलं. रोज पडद्यावर चौकट यायची, जुन्याची देखभाल बंद होणार, नवीन घ्या. चार गिऱ्हाइकांच्या मशीनवर मी ते चढवून पाहिलं होतं. बटणं डावीकडून मध्ये आली होती, खिडक्यांचे कोपरे गोल झाले होते. बस. याले मोठं अपग्रेड म्हणतात होय, असं मीच दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले. त्या वेळी मोठं वाटलं असतं तर मी घाबरले असते, सर. घाबरले असते तर डोंगल आधी तपासलं असतं, सगळं उतरवून घेतलं असतं, दुसऱ्या मशीनवर करून पाहिलं असतं. मोठं नाही असं मी ठरवलं म्हणून मी काहीच केलं नाही. चहा पीत पीत होकार दिला. मराठीची रोजची कामं आता नव्या फॉन्टात होतात, ती सुरळीत चालू होती. जुनं सॉफ्टवेअर मी फक्त तुमच्या पानांसाठी उघडायची, आणि तेही शुक्रवारी. शुक्रवारी उघडलं तर डोंगल दिसेचना. काढलं, लावलं, फुंकर मारली. नवीन व्हर्जनने डोंगलचं काहीतरी आत शिरताच काढून टाकलं होतं, ही वस्तू इथे चालणार नाही म्हणून. जुन्यावर परत जायची सोय असते, पण दहा दिवसांपुरती. मला बारावा दिवस होता. पंधरा दिवसांनी वाचायचं नसतं, आठवड्याला वाचायचं असतं, तर सापडलं असतं.

मग मी जे जे होतं ते सगळं केलं. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमात उघडली, नुसत्या चौकटी आणि इंग्रजी चिन्हं. जुनं व्हर्जन मशीन पुसून पुन्हा टाकलं, तर आपल्या मराठी सॉफ्टवेअरची सीडी चरे पडून निकामी झालेली निघाली. ज्यांनी ते बनवलं त्यांचा फोन लागत नाही, दुकानच उठलंय त्यांचं. हे सगळं त्या एका शुक्रवारात नाही झालं, पुढचे तीन महिने चाललं. त्या शुक्रवारी मी फक्त मशीनसमोर बसून राहिले. नवरा म्हणाला, जाऊ नको उद्या, ताप आला म्हणून कळव. पण काकू पंधरा दिवसांपासून वाट पाहत होत्या, आणि मला वाटलं, जाऊन खरं सांगून टाकू. रेल्वेत बसून मी वाक्यं जुळवत होते. काकू, माझ्या हातून चूक झाली. काकू, पानं आहेत, पण उघडत नाहीत. मूर्तिजापूर येईपर्यंत वाक्यं पाठ झाली होती.

गेले तर काकू न्हाऊन, धुवट पातळ नेसून बसल्या होत्या. देवापुढे दिवा लावला होता. शेजारणीकडून माझ्यासाठी चहा करून घेतला होता. हात मांडीवर जोडून, तोंड माझ्याकडे करून म्हणाल्या, आज तेल्हाऱ्याचं येते न? मी पिशवीत हात घातला. आत कोणाचातरी भरलेला विम्याचा फॉर्म होता, दोन पानांचा. तो काढला. कागदाचा आवाज झाला तसा त्यांनी श्वास धरला. सर, तुम्ही मला काहीही म्हणा. त्या चेहऱ्यासमोर मला माझं एकही वाक्य आठवलं नाही.

मी वाचलं. विम्याच्या फॉर्मवरून तुमचं पान वाचलं. घर खायला उठतं, असं वाचलं. तिला नाही म्हणायला नको होतं, चूक माझी झाली, पोरीला आणायला हवं होतं, आता सांगायला तोंड नाही, असं वाचलं. चार ओळींत आटपलं.  काकू म्हणाल्या, पुन्हा वाच. आपण मनाने बोललेलं जसंच्या तसं पुन्हा बोलता येत नाही. मी वाचलं, एक वाक्य मागेपुढे झालं, एक सुटलं. काकूंना पूर्वीची पानंच्या पानं पाठ होती, त्यांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी मान हलवली, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "बस. आता पुढचं नको वाचू. झालं माह्यं." पोथी तिथेच संपली. मी स्टेशनवर येऊन बाकावर बसले आणि दोन गाड्या सोडल्या.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी मी पचवलं असतं. पण काकूंनी तेल्हाऱ्याला फोन केला. त्या पोरीला, म्हणजे आता ती स्वतः दोन लेकरांची आई आहे, तिला सांगितलं की तुह्या मावसाजीनं लिवून ठेवलं होतं, तुले आणाले पाह्यजे होतं मनून. ती बसने माझ्या दुकानात आली. काउंटरपाशी उभी राहून म्हणाली, ताई, मी जन्मभर समजून राहिली की मी त्याईले नको होती. आणि गिऱ्हाइकांसमोर माझा हात धरून रडली. मी तिला पाणी दिलं, दुसरं काय देणार? जाताना म्हणाली, थे पान मले छापून द्याल? जास्त काही नाही, तेवढं एकच. मी म्हटलं, देते. प्रिंटर बिघडलाय म्हटलं. दर आठवड्याला तिचा फोन येतो, प्रिंटर झाला का दुरुस्त? रागाने नाही विचारत, आर्जवाने विचारते. मला ते जास्त लागतं.

मागच्या बुधवारी तुमची पानं उघडली, सर. अमरावतीला तुमचाच एक जुना विद्यार्थी प्रेस चालवतो. त्याच्याकडे कोपऱ्यात एक मशीन आहे, कधी इंटरनेटला लावलेलंच नाही, अजून त्याच आपल्या सॉफ्टवेअरवर चालतं. मी तुमची फाइल त्यावर घेतली, डोंगल लावलं आणि पहिल्याच झटक्यात तुमची अक्षरं समोर उभी राहिली. तो म्हणाला, सरांनी बजावलं होतं, चालत्या मशीनला हात लावू नको, म्हणून मी लावला नाही. एवढंच. मी तिथे बसून ते दीड महिन्याचं सगळं वाचलं.

काकू तेल्हाऱ्याला निघून गेल्या त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी, भाकर तुटली. तिसऱ्या दिवशी, भाकर तुटली, दूध उतू गेलं. असे किती दिवस. मग एका पानावर लिहिलंय, आज भाकर जमली, दाखवायला घरात कोणी नाही. ते वाचून मी तिथेच तोंड फिरवलं. माझं ते 'घर खायला उठतं' किती हलकं होतं त्यापुढे. काकूंना हे ऐकायला मिळायला हवं होतं, भाकरीचं. त्यांनी लगेच ओळखलं असतं की हे तुमचं. आणि त्याच्याच पुढच्या पानावर आहे: पोरीला नाही म्हटलं त्याचा पुन्हा विचार केला. मामाच्या घरी चार लेकरांत आहे, खेळते. इथे आम्हा दोघांत येऊन ती एकटी पडेल. नाही म्हटलं ते बरोबरच. हिला नीट सांगता आलं नाही, एवढंच चुकलं.

म्हणजे चूक झाली असं तुम्हाला वाटतच नव्हतं. तुम्ही त्या पोरीचाच विचार केला होता, पण तुमच्या पद्धतीने, आणि ती मात्र तीस वर्षं नको असलेली पोर म्हणून जगली. आता मी काय करू ते सांगा. भाकरीचं पान काकूंना द्यायचं तर पुढचंही पान द्यावं लागतं, आणि आधीचं खोटं होतं हे सांगावं लागतं. मग तेल्हाऱ्याच्या त्या बाईला पुन्हा फोन करायचा, की ताई, ते तुमच्या मावसाजींचं नव्हतं, माझं होतं? तिने घरात सगळ्यांना सांगितलंय. नवऱ्याला सांगितलंय, पोरांना सांगितलंय. तुमचा फोटो मागवून घेतलाय काकूंकडून. मला दोन्हीकडून रस्ता दिसत नाही. ना तुमचं खरं तुम्हाला परत देता येत, ना माझं खोटं मागे घेता येत. नवरा म्हणतो, एवढा जीव नको जाळू, चांगलंच झालं की सगळ्यांचं. त्याला मी काय समजावणार, की तुम्ही मला अक्षर शिकवलं आणि मी तुमच्या तोंडात माझी अक्षरं घातली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून शेवटचंही सांगून टाकते. परवा मी परत त्या प्रेसमध्ये गेले. म्हटलं, अर्धा तास मशीन हवंय, एक पान छापायचंय. त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच फॉन्टात, वर तुमच्या पद्धतीने तारीख घालून, मी ते विम्याच्या फॉर्मवरचं पान टाइप केलं. पूर्णविरामानंतर दोनदा जागा सोडायची तुमची टाइपरायटरची सवय, तीसुद्धा तशीच ठेवली. उद्या ती घ्यायला येणार आहे. पान पूर्ण झाल्यावर तुम्ही लावलेल्या शिस्तीने वरपासून खालपर्यंत बोट फिरवून चुका शोधल्या. एकही सापडली नाही, सर.